पंचवीस चौरस मीटर आणि चोवीस फुटांचा उतार

पूर्णेच्या खोऱ्यात घर बांधायचं तर आधी मातीचा स्वभाव ओळखावा लागतो. अमरावतीच्या दर्यापूरपासून अकोल्याच्या मूर्तिजापूर, अकोट, तेल्हाऱ्यापर्यंत पसरलेल्या पयनघाटातली ही काळी कपाशीची माती उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाच्या दोन-चार पावसांत तीच माती पाणी पिऊन फुगते. वरची भिंत, फरशी, चौकट, सगळं तिच्याबरोबर हलतं. म्हणून इथला जाणता मिस्त्री मुरूम लागेपर्यंत पाया खणतो, जोत्यात मुरमाचीच भर घालतो आणि जोतं चांगलं दोन फूट उंच घेतो. पावसाळ्यात अंगणात चिखल होतो, गल्लीचं पाणी दारापर्यंत येतं, तेव्हा या उंचीची किंमत कळते. घराला तीन-चार पायऱ्या असणं हे वऱ्हाडात शहाणपणाचं लक्षण आहे.

आता याच घरात सेरेब्रल पाल्सी असलेलं, मान न धरणारं, झटके येणारं, बोलता न येणारं एक लेकरू आहे असं समजा. सरकारी शिबिरातून त्याला चाकाची खुर्ची मिळालेली आहे. ही खुर्ची एका माणसाला फार जोर न लावता वर ढकलता यावी म्हणून उतार किती असावा, याचं जगभर मानलं जाणारं आणि आपल्या केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांतही असलेलं प्रमाण एकास बारा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट. दारासमोर खुर्ची थांबवून वळवायला आणखी पाच फूट सपाट जागा धरली की झाले एकोणतीस.

आणि घर केवढं? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाची जागा धरून २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. चौकोनी बांधलं तर त्याची एक बाजू जेमतेम साडेसोळा फूट भरते. म्हणजे लेकराला घरात न्यायचा रस्ता अख्ख्या घराच्या लांबीहून मोठा. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा चुकला असेल म्हणून पुन्हा केला. चुकलेला नव्हता.

या हिशेबातला घराचा भाग सरकार देतं. उताराचा भाग कुठे बसतो, हे शोधायला घरकुलाची सगळी रचना उलगडावी लागते.

गरिबाच्या घरासाठी केंद्राचं अनुदान १९८५ साली इंदिरा आवास योजनेच्या रूपानं सुरू झालं. १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली आणि तिच्यात अपंगांसाठी ३ टक्के वाटा ठेवला गेला. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेनं घेतली. सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. शौचालयाचे १२ हजार वेगळे. शिवाय स्वतःच्याच घराच्या बांधकामावर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी धरलेली. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं ती २८ हजार ८० रुपये होते. २०२५ मध्ये महाराष्ट्रानं आपल्याकडून ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी. सगळं मिळून दोन लाख दहा हजारांच्या आसपास. पैसे एकदम येत नाहीत. पहिला हप्ता १५ हजारांचा, मग जोतं झालं की फोटो, छत पडलं की फोटो, आणि प्रत्येक फोटोवर जागेचे अक्षांश-रेखांश.

यातली ९० दिवसांची मजुरी मला विशेष वाटते. बहुविकलांग मुलाची आई सहसा कोणाच्या वावरात निंदणाला जाऊ शकत नाही, कारण लेकराला दोन तासांवर पाजावं, कुशीवर वळवावं लागतं. तिच्या दारात चालत येणारं मजुरीचं काम जवळपास हे एकच. विटांवर पाणी मारायचं, मुरूम पसरायचा, आणि मधूनच बाजेवरच्या पोराकडे बघून यायचं. ज्यानं हा नियम लिहिला त्याच्या मनात ती आई नसेल, पण तो तिच्याच मापाचा निघाला.

यादीचा नियम मात्र तसा निघाला नाही. घरकुल कोणाला, हे ठरवायला २०११ ची सामाजिक, आर्थिक व जात जनगणना वापरली गेली. आधी बेघर, मग शून्य खोलीचे, एका खोलीचे, दोन खोल्यांचे कच्च्या घरातले लोक. त्यांच्यातही अधिक गरजू कोण हे काढायला काही निकष होते: घरात १६ ते ५९ वयाचं कोणी नसणं, कर्ता पुरुष नसणं, पंचवीसच्या वरचं कोणी साक्षर नसणं, भूमिहीन असणं. एक निकष अपंगत्वाचाही होता. त्याचे शब्द नीट वाचावे लागतात: घरात अपंग सदस्य आहे आणि एकही धडधाकट प्रौढ नाही. या ‘आणि’नं सगळं फिरवलं. आई-बाप धट्टेकट्टे असतील तर त्या घरातल्या लेकराचं अपंगत्व, मग ते शंभर टक्के का असेना, या गुणांमध्ये शून्य भरतं. तीस किलोचं पोर उचलून न्हाणीत नेणारी आई जितकी ताकदीची, तितकं ते घर यादीला कमी दिसतं.

वगळण्याचे निकषही असेच बोचरे होते. २०२४ पर्यंत घरात मोटारसायकल असली किंवा फ्रिज असला तरी नाव कटायचं. खेड्यातून फिजिओथेरपीसाठी अमरावतीला आठवड्यातून दोनदा लेकरू न्यायचं तर एसटीच्या गर्दीत ते जमत नाही. कर्ज काढून घेतलेली जुनी गाडी हीच त्या घराची रुग्णवाहिका असते. २०२४ मध्ये योजना २०२८-२९ पर्यंत वाढवताना केंद्रानं दुचाकी, फ्रिज आणि लँडलाइन फोनच्या अटी काढल्या, तेरा निकषांचे दहा केले, आणि महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजारांवर नेली. गावात ज्याला ‘ड यादी’ म्हणतात ती याआधीच्या आवास प्लस सर्वेक्षणाची. २०२४ नंतर नवं सर्वेक्षण झालं आणि चेहरा ओळखणारं ॲपही आलं. ज्या मुलाची मूठच उघडत नाही त्याचा ठसा घेताना तासन्‌तास झगडलेल्या आईबापांना या एका सोयीचं मोल अधिकाऱ्यांपेक्षा जास्त कळेल.

यादीच्या या चाळणीला वळसा घालणारी वाट कायद्यानं ठेवली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ते एकवीस केले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि एकाहून अधिक अपंगत्वं एकत्र असणं, ज्याला आपण बहुविकलांगता म्हणतो, यांना त्यात स्वतःची नावं मिळाली. याच कायद्याचं ३७ वं कलम सांगतं की घरांच्या आणि शेतजमिनीच्या सर्व योजनांत किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी ५ टक्के राखीव असावेत आणि त्यात स्त्रियांना प्राधान्य असावं. म्हणून जिल्हा रुग्णालयातला दाखला हा घरकुलाच्या वाटेवरचा पहिला दगड. अमरावतीत त्यासाठी ‘इर्विन’ला जायचं, अकोल्यात ‘सर्वोपचार’ला, अधिकृत नावं काही असोत, रिक्षावाल्याला हीच कळतात. दाखल्यावरचा टक्का आणि युडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचा क्रमांक यांच्या आधारावर पुढचं सगळं उभं राहतं.

इथं एक फारसा कोणाला ठाऊक नसलेला नियम आहे, आणि मला तो सगळ्या घरकुल योजनेतला सर्वांत नवलाचा वाटतो. एरवी घरकुल नवरा-बायकोच्या जोडनावानं किंवा एकट्या बाईच्या नावानं मंजूर होतं. दिव्यांगांच्या राखीव वाट्यातून निवड झाली असेल तर मात्र घर फक्त त्या दिव्यांग व्यक्तीच्याच नावानं द्यावं, असं योजनेच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात. हा नियम लिहिताना डोळ्यांपुढे बहुधा चाळीस वर्षांचा, एका पायानं अधू शेतमजूर होता. पण शब्दशः घेतला तर नऊ वर्षांचं, सही न करू शकणारं, ‘आई’ एवढंही न म्हणणारं लेकरू घराचं मालक होतं.

हे हास्यास्पद वाटेल, पण त्याच्या पोटात मोठं संरक्षण आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. बाप दारूत बुडाला, काका कागद घेऊन आला, तरी ते घर सहजी हलत नाही. मूल अठराचं झालं की दुसरा कायदा लागू होतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठीचा १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते आणि जिल्हाधिकारी तिच्यावर असतात. ती कायदेशीर पालक नेमते. नेमलेल्या पालकानं, मग ती जन्मदात्री आई का असेना, सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. घरकुलात राहणाऱ्या विधवेनं पोराच्या दोन खोल्यांचा वार्षिक हिशेब जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीला सादर करायचा, असं चित्र कायद्यात आहे. प्रत्यक्षात अठरा ओलांडलेल्या मुलाला कायदेशीर पालक लागतो, हेच बहुतेक आईबापांना बँकेतला कारकून सांगतो.

राखीव वाट्याखेरीज इतरही दारं आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, २०२३ पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास. वऱ्हाडात या सगळ्यांना गाव एकच नाव देतं, घरकुल, आणि ‘भेटलं का?’ एवढाच प्रश्न विचारतं. जागाच नसेल तर पंडित दीनदयाल उपाध्याय जागा खरेदी योजनेतून पाचशे चौरस फुटांपर्यंत मदत होते. ती आधी ५० हजार होती, २०२४ मध्ये १ लाख झाली. अकोला किंवा अमरावती शहरात राहणाऱ्यांना स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्र-राज्य मिळून अडीच लाख, आणि सरकारी मदतीच्या इमारतीत घर मिळालं तर तळमजल्यासाठी दिव्यांगांना प्राधान्य.

पाच टक्क्यांचा दुसरा एक झरा आहे, त्याला लोक ‘सेस फंड’ म्हणतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, प्रत्येकानं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे. पूर्वी हे ३ टक्के होते. जिल्हा परिषदेच्या या निधीतून घरकुलालाही मदत देता येते. ग्रामपंचायतीच्या पातळीवर मात्र हिशेब लवकर आटपतो. समजा गावाची घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वर्षाला चार लाख वसूल झाली, तर पाच टक्के म्हणजे २० हजार. गावात वीस दिव्यांग असतील तर माणशी हजार. पुष्कळ ठिकाणी असेच समान वाटून दिवाळीच्या सुमारास खात्यावर टाकतात. वाटप न्याय्य दिसतं, पण हजार रुपयांत उतार होत नाही आणि वीस हजारांत होतो. दरवर्षी एका घराचा उतार आणि न्हाणी केली तर वीस वर्षांत सगळं गाव होईल, असं एखाद्या ग्रामसभेत कोणी उठून म्हणायला हवं. म्हणणाऱ्याला उरलेल्या एकोणीस घरांकडे बघायची हिंमत हवी, हेही खरं.

या पाच टक्क्यांचा खर्च होत नाही म्हणून महाराष्ट्रभर जी आंदोलनं झाली त्यांचं मूळ बरंचसं अमरावती जिल्ह्यातच आहे. चांदूर बाजार तालुक्यातल्या बेलोऱ्याचे आणि २००४ ते २०२४ अचलपूरचे आमदार राहिलेले बच्चू कडू यांनी हा विषय विधानसभेत आणि रस्त्यावर सारखाच लावून धरला. ३ डिसेंबर २०२२ रोजी, जागतिक दिव्यांग दिनी, महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

पण पैसा आला आणि घर उभं राहिलं, म्हणजे लेकराचं घर झालं असं नाही. आतली मापं वेगळीच गोष्ट सांगतात. चाकाच्या खुर्चीला जागच्या जागी वळायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. पंचवीसातले पावणेदोन चौरस मीटर तिथंच गेले. दार ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फूट रुंद हवं. गावाकडं पुढचं दार तेवढं असतं, पण न्हाणीचं आणि संडासाचं दोन-अडीच फुटांचं, तेही पत्र्याचं. शिबिरात मिळालेली खुर्ची मग सपरीत अडकते आणि तिच्यावर तुरीची पोती ठेवली जातात. खुर्ची एका खात्याची, घर दुसऱ्याचं, संडास तिसऱ्याचा. त्यांची मापं एकमेकांना ठाऊक नाहीत. १२ हजारांचा संडास बहुतेक घरापासून चार पावलं दूर, वीतभर उंच ओट्यावर असतो. त्याला धरायला एक नळी, बसायला भोक पाडलेली खुर्ची आणि उतार, इतकं केलं तरी आईच्या कमरेवरचं निम्मं ओझं उतरतं. केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयानं २०१५ मध्ये याची सचित्र पुस्तिकाही काढली होती.

आणि ऊन. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला. मे २०२४ मध्ये तर उन्हामुळे जिल्ह्यात जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. टिनाच्या घरात दुपारी तीनला काय होतं हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको; जुन्या धाब्याच्या, पांढऱ्या मातीच्या घरात हे हाल नव्हते. धडधाकट माणूस उठून लिंबाखाली जातो. बाजेवर पडलेलं लेकरू जात नाही, तहान लागल्याचंही सांगू शकत नाही. त्यात झटक्यांवरच्या काही औषधांनी घामच कमी येतो, अंग आतल्या आत तापत राहतं आणि ताप झटका ओढून आणतो. अशा घराला स्लॅब आणि त्यावर दर उन्हाळ्यात चुन्याचा पांढरा हात ही चैन नाही. सौर संचाचे ते १५ हजार इथंच सर्वांत उपयोगी पडतील, भर दुपारी पंखा फिरता ठेवायला.

पूर्णेच्या या खारपाणपट्ट्यात आणखी एक डाव आहे. बोअरचं पाणी खारट. ते सिमेंटात वापरलं तर आतलं लोखंड गंजतं, काही वर्षांत स्लॅबचे पोपडे पडतात. म्हणून बांधकामाला गोड्या पाण्याचा टँकर लागतो. अंदाजपत्रक ज्यानं केलं त्यानं हे धरलेलं नसतं.

इंग्लंडमध्ये याच प्रश्नाकडे उलट बाजूनं पाहिलं जातं. तिथं १९९६ च्या कायद्यानं घर बांधायला नव्हे, असलेलं घर बदलायला अनुदान मिळतं: दार रुंद करणं, उतार, पायरीविना न्हाणीघर, वरच्या मजल्याला लिफ्ट. कमाल मर्यादा ३० हजार पौंड, आणि गरज लहान मुलाची असेल तर आईबापांचं उत्पन्न पाहत नाहीत. आधी एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन माप घेतो. मूल कसं उचलता, कुठं ठेवता, रात्री किती वेळा उठता. आपल्याकडे घर मोजणारा ग्रामीण गृहनिर्माण अभियंता येतो तो भिंती मोजायला. तो चांगला असेल तर चांगलंच मोजतो, पण मुलाचं माप घेणं त्याच्या कामात नाही.

मिस्त्री लोक मात्र वाटा काढतात. उतार सरळ न काढता भिंतीला लागून घराभोवती वळवतात. अंगणातच मुरमाची भर घालून अर्धी उंची आधीच खातात. उतार आणि जोतं वेगवेगळं बांधून मध्ये बोटभर सांधा सोडतात, म्हणजे माती फुगली तरी दोन्ही आपापले हलतात. एकसंध केलेला उतार पहिल्याच पावसाळ्यात दारापाशी तडकतो आणि चाक नेमकं त्या तड्यात अडकतं. उंबरठ्याचं काय, हा नाजूक विषय असतो. हळदीकुंकवाला उंबरठा हवा, चाकाला नको. फरशीच्या पातळीत बसवलेली पितळेची पट्टी दोघांनाही चालते.

वऱ्हाडाला आजारी, टाकलेल्या माणसांसाठी घर बांधण्याची जुनी परंपरा आहे. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारलं, ते कुष्ठरुग्णांचं गावच होतं. आणि परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचं बालगृह आहे, स्वर्गीय अंबादासपंत वैद्य यांच्या नावाचं. रेल्वे स्थानकांवर, उकिरड्यावर, बसस्थानकांत टाकलेली शंभरावर मतिमंद, मूकबधिर, अंध, बहुविकलांग मुलं तिथं वाढली. त्यांच्या आधारकार्डावर बापाच्या जागी शंकरबाबांचंच नाव आहे. त्यांनी उजाड टेकडीवर हजारो झाडं लावली. या मुलांतलीच एक अंध मुलगी स्पर्धा परीक्षा पास होऊन सरकारी नोकरीत लागली. शंकरबाबांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. कित्येक वर्षं ते एकच मागणं मागत आहेत: बालगृहाचा नियम अठराव्या वर्षी संपतो, या मुलांचं अपंगत्व संपत नाही, तेव्हा त्यांना आयुष्यभर तिथंच राहू द्या.

घरकुल मिळालेल्या आईबापांच्या मनातही हाच प्रश्न असतो, फक्त ते तो मोठ्यानं विचारत नाहीत. आपण गेल्यावर या दोन खोल्यांत कोण? राष्ट्रीय न्यासाची घरौंदा नावाची योजना आहे, अशा प्रौढांना जन्मभर एकत्र राहता यावं म्हणून. घरकुल आणि घरौंदा, नावं सख्ख्या भावंडांसारखी. पण एका योजनेतल्या घरातून दुसरीतल्या घरात जाण्याचा रस्ता अजून कोणी आखलेला नाही.

तोवर घर बांधून होतं, शेवटच्या हप्त्याचा फोटो काढायला माणूस येतो. नियमाप्रमाणे पुढच्या भिंतीवर योजनेचं चिन्ह, मंजुरीचं वर्ष आणि लाभार्थ्याचं नाव रंगवायचं असतं. राखीव वाट्यातून आलेलं घर असेल तर पेंटर आतल्या बाजेकडं बघतो, पुन्हा कागद बघतो, आणि विचारतो, ‘नाव याचंच टाकू ना?’